वाशिष्ठीतून दिवसभर खाजगी बोटीने: आधी तिथी बघा, मग बोट ठरवा

खाडीकाठ

थंडी सुरू झाली की ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. "चिपळूणला येतोय, वाशिष्ठीत दिवसभरासाठी बोट मिळेल का? किती घेतात? मगर दिसेल ना?" सगळे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी यायला हवा तो प्रश्न कुणीच विचारत नाही: त्या दिवशी तिथी कोणती? म्हणून हा धागा.

चिपळूणच्या खाली वाशिष्ठीची खाडी होते. गोवळकोटच्या धक्क्यापासून दाभोळच्या मुखापर्यंत 40-एक किलोमीटर पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा उतरतं. बोट त्या पाण्याबरोबर तरी जाते, नाहीतर त्याच्या अंगावर. अंगावर गेलात तर डिझेल जास्त जळतं, इंजिन दिवसभर कोकलत राहतं, वेळ दुप्पट लागतो आणि तांडेलाचं (बोट चालवणाऱ्याचं) लक्ष घड्याळाकडे. बरोबर गेलात तर इंजिन हळू ठेवून, मधेमधे बंदही करून, काठ बघत जाता येतं. माझ्या मते दिवस कसा जाणार हे बोट किती भारी यावर नाही, पाण्याबरोबर जाता की त्याच्या अंगावर यावर ठरतं.

आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणपट करायचा, की मुखाशी पूर्ण भरती साधारण किती वाजता ते मिळतं. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. मध्यरात्रीनंतर तेवढेच, दुपारनंतरही जवळपास तेवढेच. तिथून सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण. हे झालं दाभोळचं. तेच पाणी वर गोवळकोटला पोचेपर्यंत आणखी दीड-दोन तास जातात. हा उशीर बाहेरून आलेल्यांच्या हिशोबात नसतो. ते मोबाइलवर दाभोळची वेळ बघतात आणि गोवळकोटच्या धक्क्यावर उभे राहतात.

आता हे जुळवून बघा.

तुम्ही चिपळूणला उतरला असाल तर अष्टमीच्या आगेमागे या. पहाटे 6 ला मुखाशी भरती, गोवळकोटला पावणेआठ-आठला. पाणी फिरलं की निघायचं आणि सुकतीबरोबर खाली जायचं. साडेनऊ-दहाला उन्हं अंगाला लागतात, तोवर काठाचा चिखल उघडा पडू लागलेला असतो, आणि रात्रभर गारठलेल्या मगरी नेमक्या त्याच वेळी वर येतात. दुपारी 12 च्या सुमारास दाभोळ. तिथे जेवायचं, पाय मोकळे करायचे. दीड-दोनला भरतीचं पाणी जोर धरतं, त्याच्यावर बसून परत. दिवस मावळायच्या आत धक्क्याला. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर बरं पडतं.

दापोली-दाभोळकडून येणार असाल तर उलटं. पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. सकाळी 7 ला चढत्या पाण्याबरोबर वर, साडेअकरापर्यंत गोवळकोट. दुपारी एकला तिथलं पाणी फिरलं की उतरत यायचं. मगरी तीन-साडेतीनच्या उन्हात दिसतात. फक्त हे उधाणाचं पाणी असतं, उतरताना भरधाव ओढतं, तेव्हा तांडेल मुरलेला हवा.

एकादशी-द्वादशीला दोन्हीपैकी काहीच नीट जमत नाही. गोवळकोटला भरती दहानंतर. दुपारी दाभोळला पोचाल, पण भरती धरून परत फिरायचं तर वाटेत अंधार. अशा दिवशी एकमार्गी जा. गाडी दाभोळला बोलावून ठेवा.

वाटेत काय दिसतं, कुठे थांबावं ते खाली प्रतिसादांत लिहितो. पोस्ट फार लांबली.

दक्षिणकडा

उत्तम माहिती. आम्ही परशुराम घाटातल्या विसावा पॉइंटवरून ही वळणं कितीदा बघितली आहेत, खाली उतरून पाण्यातून जावं हे डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका: कृष्णपक्षात तिथी कशी मोजायची? 15 च्या पुढे 16, 17?

खाडीकाठ

नाही, पुन्हा प्रतिपदेपासून 1, 2, 3. वद्य अष्टमीही 8 च. अमावास्या 15 धरायची. हा ढोबळ हिशोब आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मिळालं तर तेही बघा. पण फोनवर बोट ठरवताना कॅलेंडरवर बोट ठेवून लगेच वेळ काढता येते, ते कोष्टकाने होत नाही.

रानजाई

खाडीकाठ दादा, आमच्यात सासूबाई (72) आणि दोन लहान मुलं आहेत. स्पष्टच विचारते, बोटीत स्वच्छतागृह असतं का? आणि चढउतार कशी असते? सासूबाईंचे गुडघे दुखतात.

खाडीकाठ

ताई, बरं झालं विचारलंत. इथल्या बोटी म्हणजे बहुतेक मासेमारीच्या नाहीतर त्याच घाटणीच्या, वर ताडपत्रीचं किंवा पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं. स्वच्छतागृह नसतं. त्यामुळे बोट ठरवतानाच मधला थांबा कुठे, तिथे सोय आहे का, हे तांडेलाकडून पक्कं करून घ्या. पाणवठ्यावरच्या गावात एखाद्या घरी विचारलं तर बायका नाही म्हणत नाहीत, पण ते आयत्या वेळेवर सोडू नका.

चढउताराला पुन्हा तिथीच येते. भरतीला बोट धक्क्याच्या बरोबरीत असते, पाऊल टाकलं की आत. सुकतीला तीच बोट पुरुषभर खाली जाते आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. म्हणून सासूबाई असतील तर चिपळूणहून अष्टमीचाच बेत करा. चढताना भरती मिळते, आणि परत येताना पाणी बरंच वर आलेलं असतं. दाभोळला मात्र दुपारी सुकती असेल. तिथे त्यांना बोटीतच सावलीला बसू द्या आणि जेवण बोटीत आणा.

जुना दाभोळी

धागा वाचून बरं वाटलं. हे भरती धरून जाणं नवं नाही. मुंबईची आगबोट दाभोळला यायची ती खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून माणसं काठाला. चिपळूणकडची मंडळी तिथून लहान लाँचमध्ये बसायची आणि पाणी चढतं झालं की गोवळकोटची वाट. मालाचंही तेच. कुंभार्ली घाटातून उतरलेला माल गोवळकोटला, तिथून खाडीने खाली. वेळापत्रक चंद्राचं, कंपनीचं नव्हे. घरातली मोठी माणसं पाहुण्यांना पत्रात तारखेऐवजी तिथी कळवायची.

दाभोळला दोन तास मिळाले तर नुसतं जेवून उठू नका. हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात अरबस्तान-इराणशी व्यापार करणारं होतं. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन मायदेशी निघाला तो इथूनच होर्मुझकडे. 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हेच दाभोळ जाळलं, दीवकडे जाताना. पाण्याजवळ आदिलशाही काळातली मशीद उभी आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. एकच मोठा घुमट आणि कोपऱ्यांना मिनार. बोटीतून येताना तीच आधी नजरेत भरते. पूर्वीच्या गलबतवाल्यांनाही तशीच दिसत असणार. वर चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आहे, आत समईच्या उजेडातच दर्शन.

म्युनिककर

मी जर्मनीत असतो. इथे ऱ्हाईन सोडली तर बऱ्याच पाण्यांवर 15 अश्वशक्तीपर्यंतची बोट परवान्याशिवाय चालवता येते. दिवसभरासाठी भाड्याने घ्यायची, दोन मिनिटं शिकवतात आणि किल्ली हातात देतात. जानेवारीत गावी येतोय. तशी स्वतः चालवायला बोट मिळेल का? सवय आहे.

खाडीकाठ

मिळणार नाही आणि मिळाली तरी घेऊ नका, असं कळकळीने सांगतो. तुमच्या नदीत पाणी एकाच दिशेने जातं आणि खोली ठरलेली असते. इथे सकाळी जिथून गेलात तिथे दुपारी पुळण उघडी असते. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा नदीने केवढा गाळ आणला तो सगळ्यांनी पाहिला. नंतर गाळ काढायचं काम झालं, काही ठिकाणी खोली बदलली, काही ठिकाणी नवे उंचवटे झाले. हे कुठल्याच नकाशात नाही. रोज जाळं टाकणाऱ्याला ते माहीत असतं.

त्यात पाण्यात जाळी असतात. डोलीचे, म्हणजे रोवून लावलेल्या जाळ्यांचे, खुंट सुकतीला दिसतात, भरतीला पाण्याखाली. पंख्यात जाळं अडकलं तर तुमचा दिवस जातो, आणि त्या मासेमार भोयाचं किंवा दालद्याचं महिन्याचं उत्पन्न जातं.

बोट तांडेलासकट घ्या. सुकाणू हातात घ्यायची हौस असेल तर मालदोलीच्या आसपासच्या रुंद पात्रात त्याला विचारा, शेजारी उभा राहून तो देतो. आणि बोट सागरी मंडळाकडे नोंदलेली आहे का, किती माणसांची परवानगी आहे, जॅकेटं तेवढी आहेत का, हे चढायच्या आधी बघा. आकडा बोटीवर रंगवलेला असतो. जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेलं उपयोगाचं नाही. मुलांना त्यांच्या मापाचं हवं, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर आणि मूल खाली. मुंबईहून येताना विकत आणलंत तर उत्तम.

क्लिकक्लिक

मगरींचे फोटो काढायचेत. मागे एका बोटवाल्याने कोंबडीचे तुकडे टाकून मगर अगदी बोटीजवळ आणली होती, फोटो अप्रतिम मिळाले. असं कोण करतं ते सांगू शकाल का?

खाडीकाठ

नाही सांगणार, आणि तुम्हीही कुणाला तसं करायला सांगू नका.

याच काठावर बायका सुकतीला कंबरभर पाण्यात उतरून तिसऱ्या (शिंपल्या) काढतात. पोरं पाग (फेकायचं जाळं) टाकायला चिखलात उतरतात. बोटीचा आवाज म्हणजे खाणं, हे एकदा मगरीच्या डोक्यात बसलं की त्याची किंमत फोटो काढणारा देत नाही, ही माणसं देतात. आजवर मगर आणि माणूस इथे एकमेकांना वाट देऊन राहिले आहेत. पावसाळ्यात मगर चिपळूणच्या रस्त्यावर येते तेव्हाही लोक वनखात्याला बोलावतात, काठ्या घेऊन धावत नाहीत. ही समजूत तुटायला फार वेळ लागत नाही. शिवाय मगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत.

फोटो हवे असतील तर खाण्याची गरजच नाही. चिखलापासून लांब असतानाच इंजिन बंद करायला सांगा आणि सुकतीच्या पाण्यावर बोट आपोआप सरकू द्या. इंजिनाचा आवाज बदलला की ती पाण्यात जाते, आवाज नसेल तर पडून राहते. पाठीवरचा चिखल उन्हात वाळून राखाडी-पांढुरका होतो, तेव्हा ती ओंडक्यासारखी दिसते. तोंड उघडं ठेवून पडलेली असेल तर आतला पिवळट रंग आधी दिसतो, मग बाकीची मगर. चिखलावर शेपटीची घसरपट्टी शोधा. ताजी ओली घसरपट्टी म्हणजे ती आत्ताच पाण्यात गेली. त्या वेळी बोटीबाहेर हात काढू नका, मुलांना तर अजिबात देऊ नका.

आंतरूज

आमच्याकडे गोव्यातही हेच. मांडवी आणि जुवारी जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आहे, त्यात खाऱ्या पाण्यातच मगरी राहतात. फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटला पौष अमावास्येला 'मानगें थापणी' करतात. खाजणाच्या काठावर चिखलाची मगर करतात, शिंपले-काठ्या लावून डोळे-दात करतात आणि तिची पूजा होते. बांध फुटू नये, शेत आणि माणसं राखावीत म्हणून. ज्या गावांनी तिच्यापुढे नारळ ठेवला तिथे तिला कोंबडीचे तुकडे टाकून नाचवणं कुणाच्या मनातही येत नाही. खाडीकाठ यांना पूर्ण अनुमोदन.

टर्बाइन

एक भर घालतो, कारण तिथीच्या हिशोबात न बसणारं एक पाणी या नदीत आहे. कोयनेचं.

कोयना खरं म्हणजे पूर्वेला वाहते, कराडला कृष्णेला मिळते. पण धरणाचं पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यातून पश्चिमेला सोडून पोफळी, अलोरे, कोळकेवाडीकडे वीज करतात. सगळे टप्पे धरून प्रकल्प 1,960 मेगावॉटचा आहे. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत येतं. म्हणून कोकणातल्या बाकीच्या नद्या मे महिन्यात वरच्या अंगाला आटतात तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते, आणि चिपळूणजवळच्या खाडीत पाणी फारसं खारट होत नाही. हे पाणी विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त सोडतात. वरच्या टप्प्यात सुकतीची वेळ असूनही पाणी अपेक्षेइतकं उतरलेलं नाही असं वाटलं तर कारण हे असू शकतं.

खाडीकाठ

अगदी बरोबर, आणि हे तांडेलांनाही पक्कं ठाऊक असतं. गोवळकोटच्या आसपास पहिल्या तासात ते जाणवतं, खाली गेलं की समुद्राचंच राज्य. काठची झाडंसुद्धा तेच सांगतात. वर काठाला बांबू, करंज, आंब्या-नारळाच्या बागा. जसं खाली जाल तशी कांदळवनं दाट होतात. चिप्पी, तिवर, मग कांदळाची कमानीसारखी मुळं. तुमच्याबरोबर मुलं असतील तर त्यांना हा बदल दाखवत न्या. पुस्तकात दहा पानं वाचून कळणार नाही ते दोन तासांत कळतं.

वाटेचं सांगायचं राहिलं होतं. निघताना मागे गोवळकोटची टेकडी, वर गोविंदगड, पायथ्याशी करंजेश्वरीचं देऊळ. खाली जाताना करंबवण्याच्या परिसरात उजव्या हाताने जगबुडी येते, खेडहून. तिथे पात्र एकदम रुंदावतं. थंडीत चिखलावर कोरल पक्षी लांब वाकडी चोच खुपसत फिरताना दिसतात, कांदळाच्या फांदीवर काळ्या डोक्याचा खंड्या. विटकरी पाठीची, पांढऱ्या डोक्याची घार तर सोबतच करते. मुखाच्या अलीकडे पुन्हा उजवीकडून कोटजाई मिळते. पन्हाळेकाजीची 29 लेणी तिच्याच काठच्या खोऱ्यात आहेत. ती बोटीने त्याच दिवशी होत नाहीत, त्यांना वेगळा दिवस द्या.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते पाणी फिरतानाचं. त्या दहा-पंधरा मिनिटांत तांडेलाला नांगर टाकायला सांगा. पाण्यावरचा फेस आणि आंब्याची पानं आधी खाली वाहत असतात, मग जागीच गोल फिरायला लागतात. नांगराचा ताणलेला दोर सैल पडतो, पाण्यात लोंबतो. मग बोट हळूच आपली नाळ (पुढचं टोक) फिरवून दुसऱ्या दिशेला तोंड करते, आणि तीच पानं आलेल्या वाटेने परत निघतात. तांडेल दोराकडे बघून एवढंच म्हणतो, "पानी फिरला." हे पाहिलं की पाऊणपटीचा हिशोब कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दक्षिणकडा

मुखाबाहेर समुद्रात जाता येतं का? अंजनवेलचा गोपाळगड पाण्यातून बघायचा होता.

जुना दाभोळी

लहान बोटीने मुखाबाहेर जाऊ नये. तोंडाशी वाळूचा दांडा आहे. सुकतीचं पाणी बाहेर आणि लाट आत, दोन्ही तिथे भिडतात आणि पाणी उभं राहतं. अनुभवी मच्छीमारसुद्धा वेळ बघून ओलांडतात. गोपाळगड बघायचा तर दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला जा, गाडीही त्यात चढते. तिथून रस्त्याने अंजनवेल जवळ आहे. तटावरून खाडीचं तोंड, तो दांडा आणि पलीकडचं दाभोळ, सगळं एका नजरेत येतं.

रानजाई

पैशांचं कोणी बोललं नाही. माणशी ठरवावं की बोटीचं?

खाडीकाठ

दिवसभराची घेत असाल तर बोटीचं, डिझेलसकट, आणि वाटेत किती ठिकाणी थांबणार हेही आधीच. माणशी ठरवलं की जास्त माणसं भरायचा मोह होतो. थोडी आगाऊ रक्कम द्या, कारण तुमच्यासाठी तो त्या दिवसाची मासेमारी सोडतो. घासाघीस करताना हे ध्यानात असू द्या. आधीच खाडीतली मासळी कमी झालीय. कारखान्यांचं सांडपाणी येतं, मधूनमधून मेलेले मासे काठाला लागतात आणि भोई समाजाची माणसं वर्षानुवर्षं त्याविरुद्ध उभी आहेत. घरटी एक माणूस मुंबईला जातो तो यामुळेही. ज्याला आजोबांपासून खाडीचा तळ पाठ आहे, त्याने ती विद्या विकून चार महिने घर चालवलं तर खाडीकडे बघणारं माणूस काठावर राहील. म्हणून म्हणतो, रिसॉर्टच्या मध्यस्थाऐवजी थेट गावातल्या बोटवाल्याशी बोला.

जेवणही तिथल्याच घरी सांगा. आदल्या दिवशी कळवलं तर तिसऱ्यांचं सुकं, चिंबोरीचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळते. शाकाहारींनी तसं आधी सांगावं, कुळथाची पिठी आणि ओल्या काजूची उसळ हंगामात मिळू शकते. प्लॅस्टिकच्या ताटल्या नेऊ नका. इथे पाण्यात टाकलेली पिशवी वाहून जात नाही. सुकतीबरोबर खाली जाते, भरतीबरोबर परत येते आणि शेवटी कांदळाच्या मुळांत अडकून राहते.

म्युनिककर

पटलं. तांडेलासकटच घेतो. मी 9 ते 20 जानेवारी चिपळूणला आहे. बरोबर आई-बाबा आहेत, दोघांनाही फार ऊन सोसत नाही. कुठला दिवस धरू?

खाडीकाठ

पंचांग उघडा आणि त्या दिवसांत सप्तमी, अष्टमी, नवमीपैकी काय येतं ते बघा, शुद्ध असो की वद्य. त्यातली सप्तमी मिळाली तर तीच घ्या. गोवळकोटला सातच्या सुमारास पाणी फिरेल. सकाळी नदीवर धुकं असतं, ते विरेपर्यंत तांडेल निघणार नाही, त्याला घाई करू नका. तरी अकरा-साडेअकराला दाभोळ होईल आणि कडक ऊन सुरू व्हायच्या आत आई-बाबा सावलीत जेवायला बसलेले असतील. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि परतीच्या वाऱ्यासाठी एकेक शाल. तारीख ठरली की इथेच लिहा, त्या दिवसाच्या वेळा काढून देतो.